कासवाचं पोट

अरे, लोणावळ्याच्या प्रदर्शनात काय धमाल झाली, ऐका तरी! काथ्या आणि सुतळीचं हे भलंमोठं समुद्री कासव मी केलं होतं. पोट उघडं, आणि त्यात पर्यटकांनी फेकलेली वेफर्सची पाकिटं, चिक्कीचे कागद कोंबलेले. समुद्रात कासवं हेच गिळून मरतात, तोच तर विषय! मळवलीच्या ज्या बंगल्यात मी ते बनवलं, तिथं ते न्यायला टेम्पो दारात आला आणि बघतो तर काय, कासवाच्या कपाळावर हळदकुंकू आणि पोट रिकामं!

मी ओरडलोच, "मावशी, आतलं सगळं कुठंय?"

बंगला सांभाळणाऱ्या शांतामावशी थंडपणे म्हणाल्या, "देवळातल्या कासवावानीच हाय की ह्ये. पोटात लय घाण व्हती त्याच्या. समदी काडली आन घंटागाडीत दिली."

आता काय करणार? कासव तसंच टेम्पोत चढवलं, शेजारी मावशींनाही बसवलं. प्रदर्शनात एक साहेब वेफर्स खात आले, कासवाकडे कौतुकानं बघितलं आणि रिकामं पाकीट अलगद त्याच्या पोटात टाकलं! मी नाचायचाच काय तो बाकी होतो. माझा विषय स्वतःच्या पायांनी चालत आला होता!

तेवढ्यात मावशी कडाडल्या, "ओ साहेब! आत्ता कुटं त्याचं पोट साफ झालतं!"