अकरा हजार पावलं

(रुग्णालयातली व्यायामाची खोली. मोठ्या ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगात ताकद यावी म्हणून इथे निकिताचा वर्ग रोज भरतो. आज अनंतरावांच्या सोबतीला त्यांच्याकडे काम करणाऱ्या इंदुबाई खाडा करून आल्यात.)

निकिता : वॉव, काका! रोज अकरा हजार पावलं! अख्ख्या बॅचमध्ये टॉप!

अनंतराव : हेडमास्तर होतो मी. शिस्त अंगातच असते.

निकिता : मग दारापासून खुर्चीपर्यंत येताना धाप का लागली?

अनंतराव : खुर्ची लांब ठेवलीये तुम्ही.

निकिता : तुमच्या फोनमधलं पावलं मोजायचं ॲप म्हणतंय, काल दुपारी दोन ते चार तुम्ही पाच वेळा चार मजले चढलात.

अनंतराव : दोन ते चार? काहीतरीच काय! तेव्हा मी झोपलेला असतो.

निकिता : काका?

अनंतराव : इंदुबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?

इंदुबाई : आता कशापायी? ताई, फोन माझ्या कमरंला असतो. सकाळी ह्यांची भांडी घासली की घ्यायचा, बाकीची चार घरं करायची, सांजच्याला परत द्यायचा.

अनंतराव : मी नुसता फोन दिला. चाला म्हणून सांगितलं नव्हतं.

निकिता : काका, पंधरा दिवसांनी ऑपरेशन तुमच्या आतड्याचं आहे, फोनचं नाही!

इंदुबाई : माझंबी हाय की. मंगळवारी. पिशवी काढायचीय. हितंच, खाली जनरल वॉर्डात.

निकिता : मग तुम्ही वर्गाला का नाही आलात?

इंदुबाई : आलते की. खिडकीतल्या बाईनं इचारलं, ॲपचा फोन हाय? नाय. रोज अकराला जमंल? तवा मी कामावर. म्हनली, मग तुम्ही बसत नाय ह्यात.

निकिता : इंदुबाई, ही श्वासाच्या व्यायामाची नळी तोंडात धरा. फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. अरे! तिन्ही बॉल वर! काका, तुमचे?

अनंतराव : एक हलला होता. परवा.

इंदुबाई : ताकद हाय वो. भ्या वाटतं. टाकं घातल्यावर उठायचं कसं, खोकला आला तर पोट कसं धरायचं, कुनी सांगितलंच नाय.

अनंतराव : मला आठ वेळा सांगितलंय. मी ऐकलं नाही. निकिता, माझं नाव काढा, यांचं घाला.

निकिता : असं नाही करता येत, काका. नियम आहे.

अनंतराव : महिनाभर माझा फोन यांच्या कमरेला फिरत होता, तेव्हा तुमचा नियमही वामकुक्षी घेत होता वाटतं?

निकिता : बरं. तुमचं राहू दे, यांचंही घालते. रोज संध्याकाळी सहाला या, मी थांबेन. काका, चालत यायचं.

अनंतराव : चालत? बुधवार पेठेतून?

इंदुबाई : मी हाय संगं. हळू चालू. ताई, एक इचारू? सांजच्याला फोन बोलतो नव्हं, “शाब्बास, आज खूप छान चाललात”?

निकिता : हो, ते रेकॉर्डिंग आहे. का?

इंदुबाई : फोन परत द्यायच्या आधी मी जिन्यात थांबून ते ऐकते. इतकी वर्सं चालले, कुनी म्हनलं नव्हतं. आता ते माझं नाव घिऊन म्हनंल का?