टेबलावर राहिलेलं पदक

— नाही, डबा तिथेच ठेव, टेबलाच्या त्या टोकाला, आणि खुर्ची जरा मागे ओढ, दीड मीटर म्हणजे दीड मीटर, तू स्वतः कोविड मार्शल होतास, तुला मी सांगायचं? मास्क काढ आता, चहा प्यायला तोंड लागतं. चिरोटे आहेत ना? वासावरूनच कळतंय, विनीताच्या हातचे. तुझ्या बायकोसारखे चिरोटे सगळ्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये कुणी करत नाही, पण मी ते खाणार नाहीये श्रीनाथ. आणि फोनवर म्हणालास ना, "चित्राताई, सहज फराळ द्यायला येतो", त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. दिवाळी अजून लांब आहे. बातमी छापून यायच्या आधी रिपोर्टरच्या घरी डबा येतो, तेव्हा त्याला फराळ म्हणत नाहीत. काय म्हणतात? — नको, राहू दे, सांगू नकोस. तुझी सुखदा कुठाय? गाडीत? अरे, मग आत बोलव की पोरीला, ड्राइव्हवेमध्ये काय बसवून ठेवलंयस — असाइनमेंट आहे? बरं. एसी चालू ठेवलायस ना? मग बसू दे. बरंच आहे, तिथेच बसू दे.

तर, हो. लिहिणार आहे. लिहून झालंय जवळजवळ, शेवटच्या दोन परिच्छेदांवर हात फिरवला की पाठवणार. एडिटर म्हणतो, "मेट, युनिव्हर्सिटीच्या मुलींचा सॉकर, कोण वाचतंय? त्यापेक्षा कोविड-सेफ फायनल म्हणून छान गोड बातमी कर, फोटोत सगळ्यांना मास्क आहेत." गोड! मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी पुण्यात अख्खी नोकरी स्पोर्ट्स डेस्कवर काढली, रद्द झालेल्या मॅचेस पाहिल्या, फिक्स झालेल्या पाहिल्या, रेफ्रीच्या अंगावर चपला पडलेल्या पाहिल्या — पण बॉलला कुणाचा पायसुद्धा लागला नाही आणि कप देऊन मोकळे झाले, अशी फायनल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आणि ती पाहायला मी उन्हात उभी होते, सनस्क्रीन फासून, मूर्खासारखी.

काय झालं ते तुला माहीतच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे छापून आल्यावर धक्का नको. सिडनी बंद, मेलबर्न बंद, बॉर्डर बंद, नॅशनल्स रद्द. म्हणजे या पोरींना सगळ्या वर्षात काय उरलं? आपली ही कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या युनिव्हर्सिटींची फायनल, एवढंच. एक मॅच. त्यातल्या निम्म्या फायनल इयरच्या, पुढच्या वर्षी कुणी नर्स, कुणी टीचर, परत बूट घालतील की नाही देव जाणे. समोरची टीम, टूवुम्बाच्या मुली, पहाटे निघाल्या, डोंगर उतरून आल्या, बस त्यांचा कोचच चालवत होता, ड्रायव्हर परवडत नाही म्हणून. आणि गेटवर कोण? तू. पिवळं जॅकेट, हातात ते थर्मामीटर, पिस्तूल रोखल्यासारखं. एकेकीला विचारत होतास — ताप? खोकला? घसा? शिंका? आणि त्यांची ती गोलकीपर, टेगन, शेतकऱ्याची पोर, खांदे बघ कसे आहेत तिचे, ती हसली आणि म्हणाली, घसा जरा खवखवतोय, हे-फीव्हर, फुलांच्या परागांची ॲलर्जी, दर स्प्रिंगला होतं, नो वरीज. बस. एवढंच बोलली. तिला वाटलं विचारतायत तर खरं सांगावं. गावाकडची ना ती. खरं सांगून बसली.

आणि तू जॅकेट सरळ केलंस. मी तिथेच होते, ते जॅकेट सरळ करणं मी पाहिलंय. एका बसमधून आलेत म्हणजे अख्खी टीम बाहेर, जा, टेस्ट करा, रिपोर्ट येईपर्यंत ग्राउंडवर पाय नाही. आणि ज्यांची टीम तब्येतीच्या कारणाने उभी राहत नाही, त्यांच्यासमोरची टीम जिंकली, म्हणजे आपली. हा नियम. पुढे ढकला ना मॅच! नाही, ग्राउंड दुसऱ्यांना दिलंय. त्या पोरी ड्राइव्ह-थ्रूला जाऊन नाकात काड्या घालून आल्या, किट अंगावर तसंच, शिनपॅड्ससुद्धा काढले नव्हते, आणि रात्री जेवणाच्या वेळेला टेगनचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. सगळ्यांचे निगेटिव्ह. तोवर इकडे कप देऊन, फोटो काढून, पिझ्झा खाऊन झाला होता.

आणि तो सोहळा तरी काय! ते मेडल्सचं टेबल आठव जरा. कुणी कुणाच्या गळ्यात घालायचं नाही, कोविड, म्हणून पांढऱ्या चादरीवर मेडल्स मांडून ठेवलेली, मुंजीत पानं मांडतात तशी, आणि एकेकीने यायचं, उचलायचं, स्वतःच स्वतःच्या गळ्यात घालायचं आणि स्वतःच हसायचं. स्पीकरवर गाणं. समोर रिकामं ग्राउंड, लाइन्स नुकत्या मारलेल्या, बोटभरसुद्धा फिसकटलेल्या नाहीत. आणि शेवटी टेबलावर एक मेडल राहिलं. कुणाचं? बोल की. तुझ्या सुखदाचं. कॅप्टन पुढे आलीच नाही. पोट दुखतंय म्हणे! पोट. आणि मग तू गेलास, पिवळ्या जॅकेटातच गेलास, आणि ते उचललंस. पोरीच्या वतीने. आणि आता ते कुठे आहे ते मला माहीतेय — तुमच्या देवघरात. गणपतीच्या शेजारी. अरे, गणपतीला तरी विचारायचंस!

आणि वर आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात सत्कार. शाल, श्रीफळ, "आपल्या मराठी मुलीने ऑस्ट्रेलियात झेंडा रोवला". अध्यक्षांचा मला मेसेज, ताई, तुमच्या हस्ते. माझ्या हस्ते! मी म्हटलं, नारळ मला द्या, कुणाला मारायचा ते माझं मी बघते.

— "मी फक्त नियम पाळला." हे येणारच होतं. हे वाक्य मी कुणाकुणाच्या तोंडून ऐकलंय! खुर्चीवर बसलेला माणूस घाण करतो तेव्हा पहिलं हेच वाक्य बोलतो. नियम घशाला-शिंकेला सारखाच होता ना? मग टूवुम्बाच्या घशाला एक आणि आपल्या शिंकेला दुसरा, असा कसा? आपल्या टीमला विचारलंस ना तू, त्याच गेटवर, तेच चार प्रश्न? आणि सगळ्यांनी नो, नो, नो, नो म्हटलं, घडाघडा, पाढे म्हटल्यासारखं. मला माहीतेय त्यातल्या कुणाचं नाक गळत होतं ते. हो, माहीतेय.

कुणी सांगितलं? हं. आता आलास तू मुद्द्यावर. यासाठी चिरोटे. नाही सांगणार. टूवुम्बाच्या कोचने? नाही, आणि हो असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, तेव्हा नावं घेत बसू नकोस. श्रीनाथ, नीट ऐक. पुण्यात हॉकी असोसिएशनचा सेक्रेटरी माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसला होता, आधी गोड बोलला, मग मालकांना फोन लावून दिला, मग माझ्या नवऱ्याच्या बदलीचं बोलला. नाव दिलं नाही मी. आजतागायत नाही. लेखात चुका होतील, व्याकरण चुकेल, इंग्लिश तर माझं रोजच चुकतं, पण ज्याने विश्वासाने येऊन सांगितलं त्याचं नाव माझ्याकडून जात नाही. शब्द दिलाय मी. ज्याने सांगितलं ना, तो माणूस रडत होता सांगताना. म्हणाला, कळलं तर माझं जगणं मुश्किल होईल, ताई. तो बोलला नसता तरी चाललं असतं त्याला, गप्प बसून मेडल मिरवता आलं असतं, तरी आला. तुमच्या त्या अख्ख्या ग्राउंडवर तेवढं एकच माणूस मला शहाणं दिसलं. आणि त्याला मी तुझ्या हवाली करू? एका डब्यासाठी? चहा पी. गार होतोय.

नाही, तू बोलूच नकोस आता "सेफ्टी, सेफ्टी" म्हणून! सेफ्टीचं एवढं होतं ना, तर मग सकाळी ग्राउंडच्या पार्किंगमध्ये, तुझ्या गाडीत, काय चाललं होतं? रेडिओ बंद केलास, टिश्यूचा बॉक्स तिच्या मांडीवर टाकलास आणि म्हणालास, काय शिंकायचंय ते इथेच शिंकून घे, गेटवर मी तुझा बाबा नाही, मी विचारीन आणि तू चारही वेळा नो म्हणायचं. आणि ती म्हणाली, बाबा, दॅट्स लाइंग. आणि तू काय म्हणालास? तू म्हणालास, धिस इज नॉट लाइंग, धिस इज हे-फीव्हर. हे-फीव्हर! म्हणजे शब्द तुला माहीत होता. आजार माहीत होता. दर स्प्रिंगला तुझ्याच घरात तो येतो, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या पोरीने तोच शब्द तोंडातून काढला तर तू तिची अख्खी बस —

— काय झालं? कप का खाली ठेवलास? पी ना.

काय बघतोयस असा?

नाही, म्हणजे — पार्किंगमध्ये लोक असतात, श्रीनाथ. येणारे-जाणारे. काच खाली असेल, आवाज जातो. बंद होती? एसी होता? गाडीत तुम्ही दोघंच? बरं, मग — अरे, मी रिपोर्टर आहे, इकडचं तिकडचं जोडून अंदाज बांधतो आम्ही, बॉक्स म्हणा, रेडिओ म्हणा, हे काय — अंदाजच आहे हा. मी कुणाचं नाव घेतलंय? नाही ना घेतलं? मग झालं तर.

किल्ली का काढलीस? बस खाली. एवढ्यात कुठे निघालास, मघाशी तर उठायला तयार नव्हतास. — हे बघ, हे बघ, ती काही — पोर आहे ती, विशीतली पोर आहे, तिने काही वाईट — म्हणजे कुणीही, ज्याने कुणी सांगितलं त्याने — श्रीनाथ, त्या गाडीत जाऊन बसू नकोस आत्ता. पाच मिनिटं थांब. माझ्याशी भांड, मला शिव्या दे, मी इथे आहे ना, मला बोल. बातमी नकोय ना तुला? नाही देत. ऐकलंस? नाही पाठवत. आत्ता पुसून टाकते, तुझ्यासमोर, फोन आण तो इकडे. टेगनला काय सांगायचं ते माझं मी बघीन. कप ठेवा तुम्ही, मेडल ठेवा, शाल घ्या, माझ्या हातूनच घ्या, येते मी मंडळात, साडी नेसून येते. पण तिला काही बोलू नकोस.

बस ना. चहा गार झाला, दुसरा टाकते, आलं घालून. आणि हे बघ, डबा उघडला मी — घेतला बघ एक, खातेय, खाल्ला. छान झालेत. विनीताला सांग छान झालेत. तिकडे गाडीकडे नको बघू, माझ्याकडे बघ. बस, श्रीनाथ. दुसरा घेते मी. बस.