राहण्याचा पुरावा

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. राहणं कशाला म्हणायचं?

हसू नका! तुम्ही म्हणाल, ताई, हा काय प्रश्न झाला? रात्री पाठ टेकली, सकाळी चहा घेतला, झालं राहणं! बरं. दारावरची पाटी तुमची, खरेदीखत तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. पण तुम्ही तिथं राहता, हे कशावरून? उत्तर द्यायची घाई नको. आधी ऐका.

एका तालुक्याच्या गावाबाहेर नवी वसाहत झाली. चाळीस बैठी घरं, इतकी सारखी की पहिल्या महिन्यात माणसं दुसऱ्याच्याच दारात चपला काढायची! त्यातलं सव्विसावं घर सगुणाबाई लोहकरे यांचं. नवरा बळवंत सूतगिरणीत, बहुतेक रातपाळीला. सगुणाबाई एका खाणावळीत पोळ्या लाटायला जात. लग्नाला बावीस वर्षं झालेली, आणि तेवढ्या वर्षांत भाड्याच्या खोल्या किती बदलल्या? नऊ!

मग सरकारची योजना आली. आयुष्यातलं पहिलंच घर घेणाऱ्याला दोन लाखांचं अनुदान. दोघांनी अर्ज केला, घर मिळालं. पण त्यासोबत अट होती — घेणाऱ्यानं सलग तीन वर्षं त्या घरात स्वतः राहायचं. भाड्यानं द्यायचं नाही, कुलूप घालून ठेवायचं नाही. राहत नाही असं आढळलं, तर अनुदान परत! अट वाईट नव्हती हो. बेघर माणसासाठी ठेवलेलं घर दोन घरं असलेल्यानं अडवू नये, एवढाच तिचा अर्थ.

मग सगुणाबाईंना भीती कसली? त्या तर राहतच होत्या!

इथंच गंमत आहे. नऊ घरमालकांनी या बाईला बावीस वर्षं काय शिकवलं? भिंतीला खिळा ठोकायचा नाही. फोडणीचा धूर करायचा नाही. दिवे जाळायचे नाहीत. आवाज करायचा नाही. आता ती स्वतः मालकीण — पण सवयीला खरेदीखत कोण दाखवणार? नव्या घरात कॅलेंडर भिंतीला टेकवून जमिनीवर उभं. देवाची तसबीर स्टुलावर. फोडणी मागच्या अंगणात, स्टोव्हवर. भांडी घासून पुन्हा पोत्यात! आणि दिवसा बळवंत झोपलेला असे. कुणी कडी वाजवू नये म्हणून कामाला जाताना ती बाहेरून कुलूप लावून जाई!

पडताळणीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा कुलूप. त्यानं शेजारच्या द्वारकाबाईंना विचारलं.

"राहतात बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण आवाज म्हणून नाही बघा! आमच्याकडं बशी फुटली तर चार घरांना कळतं."

मग तिसऱ्या आणि शेवटच्या पाहणीची नोटीस आली. नेमकी बळवंतची पाळी बदललेली, दिवसपाळी लागलेली. तो म्हणाला, "मी रजा टाकतो."

"नको. आपण काय चोरी केलीय?"

असं म्हणाली खरी. पण त्या दिवशी खाणावळीत पोळ्या करपल्या. दोन लाख परत करायचे म्हणजे घर विकायचं. घर विकायचं म्हणजे दहावी खोली.

ठरल्या दिवशी, दुपारी उशिरा, पाहणीला होनराव साहेब आले. तुम्हाला वाटेल, साहेब दुष्ट असणार! नाही हो. प्रत्येक आख्यानात राक्षस लागतोच असं नाही. सरळ माणूस. जे दिसेल ते लिहिणारा.

"बाई, हे घर राहतं दिसत नाही."

"राहतो साहेब. रेशनकार्ड दाखवू?"

"ते सगळेच दाखवतात. मला माणूस कुठं राहतो ते बघायला पाठवलंय. मीटर बघितलं. महिन्याला अकरा युनिट!"

"एकच दिवा लावते."

"ओट्यावर तेलाचा डाग नाही."

"पुसते."

"अख्ख्या घरात एक खिळा नाही!"

सगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं — "घरमालक रागावतात."

"कोण घरमालक?"

बघा मंडळी! स्वतःच्या घरात उभं राहून बाई स्वतःविरुद्ध साक्ष देते! साहेबांनी मोबाइलवर रकाना उघडला — ‘निवास आढळला नाही’. बोट टेकवायचंच बाकी होतं. आतल्या खोलीचा एक फोटो हवा, म्हणून त्यांनी पाऊल उचललं —

"साहेब, तिथं नको!" ती कुजबुजली.

पाऊल हवेतच.

"काय झालं?"

"ती फरशी वाजते. ते जागे होतात."

"आत कुणी झोपलंय?"

"नाही... ते आज गिरणीत आहेत. सवय आहे."

साहेब गुडघ्यावर बसले. बोटाच्या पेरानं पहिली फरशी वाजवली — टक. दुसरी — टक. तिसरी, ती म्हणाली ती — ढब! खालून पोकळ. साहेब उठले आणि त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

"आता जागेवरून हलू नका. मी विचारतो. मागच्या दाराची कडी?"

"आधी वर उचलायची, मग सरकते."

सरकवून पाहिली. उचलल्याशिवाय हलेना!

"नळ?"

"मंगळवारी न् शुक्रवारी. आधी नुसता खोकतो, मग गढूळ येतं. पाच मिनिटांनी हंडा लावायचा."

"खिडकीतलं ऊन?"

"पावणेपाचला गजांची सावली ओट्यावर चढते. मग मी त्यांना उठवते. आता पावणेपाच — दिवाळीत सव्वाचारलाच चढायची."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चार चाळीस. दोघं उभी राहिली. सावली जमिनीवरून सरकत सरकत भिंतीला लागली, वर चढली, आणि ओट्याच्या काठाला टेकली. पावणेपाच!

"दिवाळीतलं कसं ठाऊक तुम्हाला?"

सगुणाबाईंना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? इथंच तर होते मी."

साहेबांनी रकाना बदलला. ‘निवास आढळला’. पुराव्यापुढं लिहिलं — फरशी, कडी, ऊन. जाताना दारात थांबले.

"बाई, तेवढा एक खिळा ठोका."

संध्याकाळी तिनं खिळा घेतला. आवाज नको म्हणून हातोडीला फडकं गुंडाळलं! तरी द्वारकाबाई धावत आल्या. "अगं, तू आहेस होय घरात! ते फडकं काढ आधी. ठोक मोठ्यानं!"

आता तुम्ही मला धराल. ताई, गेल्या वर्षी याच मंडपात तुम्हीच सांगितलंत, देह भाड्याचा आहे, इथं खिळे ठोकू नका! सांगितलं. आजही सांगते. पण खिळ्यावरून राहणं ठरलं का? नाही ठरलं! घर भाड्याचं असो की मालकीचं, राहण्याची अट सुटत नाही. आणि अनुदान तर आपण रोज घेतो. हा घेतलेला श्वास कुणी विकत आणलाय?

मग राहता का आत? ते बघा, कोपऱ्यातले काका — देह इथं, मन बाहेर चपलांपाशी! असू द्या, काका. माझंही सुटलं नाही अजून.

पण पाहणी करणारा आपल्याकडंही एक दिवस येणार. त्याची नोटीस येत नाही. तो पाटी बघणार नाही, कार्ड मागणार नाही. तो एवढंच विचारेल — तुझ्या आत कुठली फरशी पोकळ आहे, सांग. आणि जवळच्या माणसाची झोप मोडू नये म्हणून तू कुठं पाय टाकत नाहीस?

सांगता येईल? मंडळी, साठ साठ वर्षं झाली त्या घरात.

टाळ उचला. नाम घेऊ. मोठ्यानं नको, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढंच.