हातचा एक

“‘बाई, फळ्याशी बोलू नका, माझ्याशी बोला.’ पहिल्याच दिवशी बजावलं होतं तिनं. कमी ऐकू येतं ना, ओठांवरून समजून घेते बिचारी.”

बसमध्ये पुढच्या बाकावर दोन शिक्षिका एका मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. मागे बसलेल्या एका प्रवासी बाईंच्या कानांवर सगळं पडत होतं.

“मग? व्हिडिओ तर झकास झालाय. हातच्याची बेरीज कशी लख्ख समजते!”

“ताई, नीट बघा. अख्ख्या धड्यात माझा अंबाडाच दिसतोय.”

“छान घातलायस की!”

“थट्टा नको हो. तिला काय कळणार यातलं?”

“खाली अक्षरं टाक.”

“दुसरीतली पोर ती. एक ओळ वाचेपर्यंत पुढची येते. उद्याचा धडा तुलाही कळेल, असा शब्द दिलाय मी.”

“अगं, एवढी कापाकापी, जोडाजोडी केलीस, ती सगळी वाया?”

“जाऊ दे वाया. पुन्हा काढते.”

“शाळेला कुलूप लागलं असेल आता.”

“शिपाईमामा तिथंच राहतात. उघडतील.”

थांबा आला. धाकटी उतरली आणि रस्ता ओलांडून परतीच्या थांब्यावर उभी राहिली. बस हलली. बंद काचेतून आवाज येत नव्हता. पण तिचे ओठ सावकाश हलत होते, आणि मागच्या बाईंना स्पष्ट कळलं, ‘हातचा एक’.