झोपवलेला डोळा

—हो, त्या चष्मेवाल्याला पान्यानंच मारलं, हवालदार बाई. बत्तीस नंबरच्या. तीन वेळा. पहिल्यात जबडा गेला, दुसऱ्यात चष्मा, तिसरा खांद्यावर बसला कारण तोवर दोघांनी मला मागून धरलं. धरलं नसतं तर चौथाही बसला असता. लिहा. मी काही नाकारत नाही. एकोणचाळीस वर्षं प्रेसवर काढलीत, खोटं बोलून एक दिवस काढला नाही. पण खाली दुसरं वाक्य घ्या — कंपनी म्हणते तशी धाकट्यानं डबी बंद केलेली नव्हती. माझ्या भावानं डबीला हात लावला नाही. डबी आपली आपण झोपली. हे नीट लिहा. त्याच्यासाठीच बोलतोय, नाहीतर मला काय, टाका आत.

कसली डबी? सांगतो. प्रेस म्हणजे दोनशे टनांचा ठोकळा. वरून येतो, पत्र्याचं झाकण करतो, वर जातो. त्याच्या तोंडाशी एक डोळा बसवलाय — मधे हात आला की तो ओरडणार, ठोकळा जागीच थांबणार. डोळ्याची वायर डबीत, डबीची संगणकात. पूर्वी सगळं दिवसभर जागं असायचं. मग हा चष्मेवाला आला, प्रोग्राम लिहिणारा. म्हणाला, रिकाम्या बसलेल्यांनी वीज का खायची? संगणकाच्या पोटात म्हणे एक मुकादम असतो, त्याला कर्नल म्हणतात — मी म्हटलं, फौजेतला का? — तर हसला. 'बाबा, तुम्हाला नाही कळायचं.' मला कळलं, बाई. चांगलं कळलं. दहा मिनिटं जो काही बोलला नाही त्याला मुकादम झोपवतो, काम पडलं की उठवतो. पंखा झोपव, पडदा झोपव, माझं काय जातंय! पण डोळा? गप्प बसायचं हेच तर डोळ्याचं काम! दिवसभर कुणाचा हात आत गेला नाही तर तो कशाला तोंड उघडेल? मुकादमाला वाटलं, रिकामटेकडा आहे. झोपवला. आणि झोपताना तो शेवटचं काय सांगून गेला — 'आत कोणी नाही.' तेच मुकादम धरून बसला. समोर काही आलं तर डबीला उठव, एवढा एक हुकूम लिहायचा चष्मेवाला विसरला. मग ठोकळ्याला थांबवणार कोण?

पत्रा अडकला. प्रेसवर धाकटा होता, त्यानं हात घातला — डोळा आहे म्हणून घातला, रोज घालतो तसा. आवाज? हाडाचा आवाज येत नाही त्या ठोकळ्याखाली. नेहमीसारखा ठप्प. ठोकळा वर गेला आणि हातमोजा खाली चिकटून राहिला, सपाट, कागदासारखा — आणि धाकटा त्याच्याकडे बघतोय, मनगट हलवतोय, जणू मोजा नुसता घसरलाय. मनगटापुढे काही नव्हतं, बाई. लाल बटण मी मारलं. कमरेचा पट्टा काढून त्याचा दंड मी आवळला. तेवढ्यात चष्मेवाला धावत आला, माणसाकडे बघितलं नाही, संगणकाच्या पडद्याकडे गेला आणि म्हणतो, 'डबी कुणी बंद केली?' तेव्हा पाना उचलला.

मला कसं माहीत? काय, कसं माहीत — डबी आपली आपण झोपते हे? अहो, डबीवर हिरवा ठिपका असतो, तो विझतो. डबीवरचं बटण दाबलं की पेटतो. — हो, पाहिला होता. आधी. आठवडाभर आधीपासून. रोज दाबायचो मी! येता-जाता, हातातलं काम न सोडता दाबायचो. सांगू कुणाला? ज्यानं 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटलं, त्याच्या दारात जाऊ? मी जागं ठेवत होतो ना, बास झालं. — मधे विचारू नका. त्या दिवशी... त्या दिवशी चष्मेवाला शेजारी उभा होता, अजून चार माणसं होती, आणि धाकटा मोठ्यानं म्हणतो, 'आमच्या दादाला डबीचा नाद लागलाय. दाबत बसतो, लाडू पडतो का बघतो.' सगळे हसले. चष्मेवाला सगळ्यांत जास्त, हसत हसतच आपल्या खोलीत गेला. आणि बोलला कोण — पाठचा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला. मी म्हटलं, बरं. राहिलं. हात मागे बांधून उभा राहिलो. ठिपका विझला. पाहिला मी. म्हटलं, येईल धाकटा आता मलाच विचारायला. पत्रा अडकला, तो वाकला... 'थांब' म्हणायला किती वेळ लागतो, बाई? तोंड उघडलंच नाही माझं. रागानं नाही उघडलं.

लिहिलंत? हे पण? खोडा ते. ठिपका विझला एवढंच ठेवा. — हां, मग विचारतील, कुणी पाहिला. आणि कुणीच पाहिला नसेल तर डबी धाकट्यानंच बंद केली, हात त्याच्याच चुकीनं गेला, असं ठरणार. स्ट्रेचरवरून उरल्या हातानं माझा सदरा धरून म्हणाला, 'दादा, तू होतास म्हणून जगलो.' सकाळी त्याची बायको जेवण घेऊन आली इथे. माझ्यासाठी! डब्याचं झाकण उघडवलं नाही मला.

राहू द्या. खोडू नका. आणा इकडे — अंगठा कशाला? सही येते मला. ...घ्या. कंपनीला दाखवायच्या आधी हे दवाखान्यात धाकट्याला वाचून दाखवा. सगळं. मी नाही येणार. आता उठा तुम्ही. जा.