इंजिन बघायला बोरीला

इंजिन कशावरून निवडलं, असं विचारता ना? ऐका मग. सुटे भाग मागवून घरीच कार जोडायची, या नादात माझी तीन वर्षं गेली होती. फक्त इंजिन राहिलं होतं. जुनंच घ्यायचं, पण टर्बोवालं, म्हणजे आत जादा हवा कोंबून जोर वाढवणारं. ते चुकलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात.

परभणीच्या भंगारात एक मिळालं, धुऊनपुसून चकचकीत. माझा मेकॅनिक दोस्त शकील, त्यानं टर्बोत बोट घालून आतलं चक्र हलवून बघितलं.

"ढिला झालाय. गाडी पळवत आणायची अन् लगेच बंद करायची. तेल थांबतं, तापलेला टर्बो जळतो. मिनिटभर चालू ठेवायला काय जायलंय लोकांचं?"

मग शकीलला घेऊन बोरीला गेलो. तिथं रंगनाथमामांनी आपली जुनी टर्बोवाली जीप मोडीत काढली होती. इंजिन अंगणात पडलेलं, तेलकट, वर कोंबडी बसलेली. माझं तर मनच उडालं.

तेवढ्यात मामा शेतातून फटफटीवर आले. उतरले, पण फटफटी बंद करेनात. हँडल धरून तसेच उभे.

"मामा, बंद करा की. काय ऐकू येईना."

"थांबा जरा. दम खाऊ द्या तिला."

शकील हसला. "मामा, फटफटीला कुठं टर्बो असतो?"

मामा ओशाळले. "म्हाईत हाय रे. पर इतकी वर्सं जीप चालवली, आता हात चावीकडं लवकर जातच न्हाई."

शकीलनं हातातला पाना पिशवीत टाकला.

मी म्हणलं, "अरे, इंजिन तर बघ!"

"बघितलं की," तो म्हणाला.