घाबरू नको, बठ्ठं शे

आता कॉम्प्युटर रुसला की लोक नवाच आणतात, पण माझा तो पेनड्राइव्ह अजून डब्यात जपून ठेवलाय, म्हणून सांगते.

देवपूरला मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. शिकले माझी मीच. हसणारे हसले आणि मग मशीन उचलून माझ्याच दारात आले. बंद पडलेलं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं आणि आतल्या फायली बाहेर काढायच्या, अशी सोय मी स्वतः बनवली होती. सुरू होताना इंग्रजी अक्षरं धावायची, लोकांचे चेहरे उतरायचे. म्हणून पहिल्याच पडद्यावर मी आपली अहिराणी टाकली: 'घाबरू नको, बठ्ठं शे.' म्हणजे, सगळं आहे.

एकदा धरणगावचे कापूसवाले नाना बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, आतलं सगळं पुसावं लागेल.

"अक्का, मनी मायना आवाज शे तेमा," नाना म्हणाले. "माले रागे भरस, तितलंच रेकॉर्डिंग. आते माय नही."

मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर 'बठ्ठं शे' आलं आणि नाना मटकन खुर्चीत बसले, उपरण्याने डोळे पुसायला लागले.

'अहो, ते मीच लिहिलंय, डिस्क अजून उघडलीसुद्धा नाही,' हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. आता माझं लिहिलेलं मलाच खरं करायचं होतं.

तीन तास लागले. शेवटी आवाज आला, "नान्या, जेवाले ये ना रे, मेल्या!"

नाना हसले, रडले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, इतला येळ कसाले लाया? पहिलेच त लिखेल व्हतं, बठ्ठं शे!"